नियमित आणि अनियमित: एका वर्गीकरणाची तपासणी

इंग्रजीत भूतकाळी 'एड' लागतो ती क्रियापदं नियमित, उरलेली अनियमित, असं आपण सगळेच शिकलो. या उरलेल्यांचा तीन रकान्यांचा तक्ता मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतला जातो: गो, वेन्ट, गॉन. पाठांतराबद्दल आमची तक्रार नाही. 'एड' नाही म्हणजे नियमच नाही, ही जी समजूत तक्त्यातून मुलांच्या मनात बसते, ती आम्हाला तपासायची आहे.

आधी घरचं बघू. बस–बसला, पड–पडला हे सरळ झालं. मग कर–केला, मर–मेला, जा–गेला का? कृत, मृत, गत ही संस्कृत रूपं प्राकृतातून झिजत आली, म्हणून. 'केला' हा नियमभंग नव्हे. मागच्या एका नियमाचा तो वारसा आहे. इंग्रजीत तसंच. सिंग–सँग, ड्रिंक–ड्रँक, स्विम–स्वॅम यांत आतला स्वर बदलतो, आणि ही रीत 'एड'हूनही जुनी. 'वेन्ट' हे तर 'वेन्ड' या निराळ्या क्रियापदाचं रूप. 'गो'नं ते दत्तक घेतलं.

जुनी रूपं टिकली ती मुख्यतः रोजच्या वापरामुळे. ज्यांचा वापर कमी, त्यांतली बरीचशी 'एड'च्या रांगेत जाऊन बसली. काही वापरातलीही बसली: 'हेल्प'चं भूतकाळी रूप एके काळी 'होल्प' होतं.

आता मूल 'मी करलं' म्हणतं, इंग्रजी मूल 'गो'ला 'एड' लावतं, तेव्हा काय घडतं? हे रूप त्यानं मोठ्यांकडून ऐकलेलं नसतं. १९५८ साली जीन बर्को यांनी लहान मुलांना बनावट शब्द दिले. मुलांनी त्यांना बरोबर प्रत्यय लावून दाखवले. म्हणजे त्या चुकीतच नियम कळल्याचा पुरावा असतो. आपण मात्र तिथं लाल रेघ ओढतो.

आपल्या कोल्हापुरात बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. पुस्तकी मराठीला ते खटकतं. पण प्रथमपुरुषात लिंगभेद नाही, हा इथला नियमच आहे की! तो काटेकोर पाळलाही जातो.

तेव्हा शिक्षकांना आमची विनंती एवढीच. तक्ता वर्णक्रमानं लावू नका, कुळांनी लावा: कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट एकीकडे, कट, पुट, हिट दुसरीकडे. आणि 'करलं' म्हणणाऱ्या पोराला 'केलं' जरूर शिकवा, पण आधी म्हणा, "नियम बरोबर ओळखलास."