‘पाणी गेले, औषध झाले’?

मधुमेहात चेतातंतूंमध्ये ग्लुकोजचे सॉर्बिटॉल होऊन साचते. ते घडवणाऱ्या विकराला रोखणारे एपालरेस्टॅट जपानमध्ये १९९२ साली आले. त्याचे संश्लेषण बहुधा एका ओळीत उरकतात: ऱ्होडानिन-३-ॲसेटिक आम्ल आणि अल्फा-मिथाइलसिनॅमाल्डिहाइड यांचे संघनन, पाणी बाहेर, औषध तयार! आम्हाला हे अपुरे वाटते. रेणूच्या शेपटीत दोन कार्बन-कार्बन द्विबंध. म्हणजे भूमितीय समघटक चार, औषध त्यांतले एकच. एका द्विबंधाची मांडणी आल्डिहाइडकडूनच येते, दुसऱ्याची मात्र अभिक्रियेत ठरते. नेमके हेच गाळले, तर उरते ती पाककृती. शिवाय हे औषध रक्तातली साखर उतरवत नाही, हेही कुणी सांगत नाही. त्याच वर्गातले टोलरेस्टॅट तर यकृताला अपाय झाल्याने १९९६ मध्ये मागे घ्यावे लागले. चंबूत तेही व्यवस्थितच बनत होते.