बुडिकेचा वारसा : मृत्युपत्र, भाषणे आणि एक पुतळा

संयोजकांनी आजच्या व्याख्यानासाठी 'एका योद्धा राणीचा वारसा' असे शीर्षक सुचवले आणि मी ते लगेच मान्य केले. का? तर त्यातल्या 'वारसा' या शब्दासाठी. कारण बुडिकेचे सगळे प्रकरण सुरू झाले तेच मुळी वारसाहक्काच्या भांडणातून. पुढे रथ आले, आगी लागल्या, पुतळे उभे राहिले. पण आधी एक मृत्युपत्र होते.

इंग्लंडच्या पूर्व भागात, आज ज्याला नॉरफोक म्हणतात तिथे, इसेनी नावाच्या जमातीचे राज्य होते. राजा प्रासुटागस. इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने ब्रिटनवर स्वारी केली, त्यानंतर हा राजा रोमचा मांडलिक झाला आणि सुखात राहिला. मरताना त्याने वारस नेमले ते सम्राट नीरो आणि आपल्या दोन मुली, असे मिळून. म्हणजे बघा, सम्राटाला वाटेकरी करून घ्यायचे, की उरलेला वाटा तरी सुरक्षित राहील. हिशेब हुशारीचा होता, पण चालला नाही. रोमच्या लेखी मांडलिकाशी केलेला करार त्या माणसापुरता असे. माणूस गेला की करार संपला. रोमी अधिकाऱ्यांनी राज्य लुटीच्या मालासारखे ताब्यात घेतले. टॅसिटस सांगतो, की राजाची विधवा बुडिका हिला फटके मारण्यात आले आणि तिच्या मुलींवर बलात्कार झाले. पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळांना ठाऊक आहे. इ.स. ६० किंवा ६१ मध्ये, रोमी सुभेदार सुएटोनियस पॉलिनस वेल्सजवळच्या मोना बेटावर लढत असताना बंड पेटले. कॅमुलोडुनम म्हणजे आजचे कोल्चेस्टर, मग लंडन, मग वेरुलॅमियम म्हणजे सेंट ऑल्बन्स, अशी तीन नगरे जळाली. शेवटच्या लढाईत ब्रिटन हरले. बुडिका टॅसिटसच्या मते विष घेऊन मेली, डिओच्या मते आजारी पडून.

आता माझा मुद्दा. हे आपल्याला कोण सांगतो? दोघेच जण. आणि दोघेही रोमी सत्तेच्या वर्तुळातले. बंड झाले तेव्हा टॅसिटस लहान मूल होता. त्याने 'अॅनल्स' लिहिले ते पन्नासएक वर्षांनी. त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. त्याचा सासरा अॅग्रिकोला तरुणपणी याच सुएटोनियसच्या हाताखाली ब्रिटनमध्ये अधिकारी होता. म्हणजे घरात ऐकलेल्या गोष्टी असणार. दुसरा कॅशियस डिओ. तो ग्रीकमध्ये लिहितो, दीडशे वर्षांनी, आणि त्याचाही हा भाग आपल्या हाती आहे तो अकराव्या शतकातल्या एका भिक्षूने केलेल्या संक्षेपातून.

आणि गंमत अशी, की दोघांची कारणे वेगळी आहेत. मृत्युपत्र, फटके, मुलींवरचा अत्याचार हे सगळे टॅसिटसकडे. डिओकडे यातले काहीही नाही! डिओ म्हणतो, कारण पैसा. क्लॉडियसने ब्रिटिश सरदारांना दिलेल्या रकमा परत मागितल्या गेल्या, आणि सेनेकाने चार कोटी सेस्टर्सचे कर्ज एकदम वसूल करायला घेतले. हा सेनेका म्हणजे आमच्याच खात्यातला माणूस, स्टोइक तत्त्वज्ञ. संपत्तीविषयी अनासक्ती कशी ठेवावी यावर त्याने सुंदर लिहिले आहे. डिओला सेनेका आवडत नसे, तेव्हा थोडे मीठ बाजूला काढून ठेवा. तरी सावकारी आणि साम्राज्य हातात हात घालून चालतात, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

मग टॅसिटसवर विश्वास ठेवायचा का? कोणी म्हणेल, त्याच्याच आधीच्या 'अॅग्रिकोला' या पुस्तकात बंड आहे, बुडिका आहे, पण फटक्यांचा प्रसंग नाही. मग नंतर कुठून आला? आक्षेप योग्य आहे. तरीही मी तो प्रसंग स्वीकारतो. आपल्याच लोकांची बेअब्रू होईल अशी गोष्ट साक्षीदार सहसा रचत नाही. डिओला ती गाळायला मात्र कारण असू शकते. त्याला बुडिका हवी आहे ती उंच, भेदक नजरेची, कंबरेखाली केस सोडलेली, गळ्यात सोन्याचा जाड गोफ घातलेली. अशा चित्रात पाठीवरचे वळ बसत नाहीत.

भाषणांचे मात्र वेगळे. दोघांनीही लढाईपूर्वी तिच्या तोंडी भाषण घातले आहे. टॅसिटसची बुडिका मुलींना रथात पुढ्यात बसवून सांगते, की मी राणी म्हणून नाही, तुमच्यातलीच एक म्हणून स्वातंत्र्यासाठी लढते आहे. डिओची बुडिका सेमिरामिस आणि निटोक्रिस यांचे दाखले देते, आणि नीरो नावाचाच पुरुष आहे, वीणा वाजवतो, म्हणून त्याची टर उडवते. आता मला सांगा, नॉरफोकच्या दलदलीत राहणाऱ्या राणीला बॅबिलोन आणि इजिप्तच्या राण्यांच्या कथा कोणी सांगितल्या? हे रोमच्या दिवाणखान्यातले बोलणे आहे. प्राचीन इतिहासकारांत ही रीतच होती. थ्युसिडिडीझने तर मोकळेपणाने लिहून ठेवले आहे, की प्रसंगाला जे साजेल ते मी वक्त्यांच्या तोंडी घातले. टॅसिटसला डोमिशियनच्या जुलमी राजवटीत गप्प बसावे लागले होते. रोमने काय गमावले हे त्याला सांगायचे होते, आणि ते त्याने रोमच्या शत्रूंकडून वदवले. बुडिकेकडून, तसेच स्कॉटलंडच्या कॅल्गॅकसकडून.

म्हणजे ज्याला आपण बुडिकेचा आवाज म्हणतो तो रोमी माणसाचा पश्चात्ताप आहे. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो तिचा नाही, एवढेच. तिच्यावर अन्याय झाला, हे खरे. त्या अन्यायाविषयी ती काय म्हणाली, हे मात्र कोणी टिपून ठेवले नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकणे म्हणजेच टीका करणे, असे मी वर्गात सांगत असे.

आणि जमिनीखालची साक्ष? ती आहे. कोल्चेस्टर आणि लंडनमध्ये खोल खणले, की जळालेल्या मातीचा लालसर थर लागतो. टॅसिटस मेलेल्यांचा आकडा सत्तर हजार देतो, डिओ ऐंशी हजार. आकडे फुगवलेले असतील, थर खरा आहे. सुएटोनियस लंडन सोडून गेला तेव्हा मागे राहिले कोण? टॅसिटसच्या मते बायका, म्हातारे, आणि ज्यांचा जीव त्या जागेत अडकला होता असे लोक. ते सगळे मारले गेले. बुडिकेवर लिहिणारे इथे भरभर पाने उलटतात. तिच्यावरचा अत्याचार ठळक अक्षरात आणि लंडनच्या म्हातारीचा मृत्यू तळटीपेत, असे करायला मी तयार नाही.

आता पुतळ्याकडे येतो. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी, संसदेसमोर, दोन उधळलेल्या घोड्यांच्या रथात ती उभी आहे. ज्या शहराची तिने राख केली त्याच शहरात! शिल्पकार थॉमस थॉर्निक्रॉफ्ट. काम सुरू झाले १८५६ मध्ये, तो वारला १८८५ मध्ये, आणि ब्राँझचा पुतळा तिथे उभा राहिला १९०२ मध्ये. रथाच्या चाकांना पाती लावली आहेत, ज्यांचा ब्रिटनमध्ये उत्खननातून पुरावा मिळालेला नाही. पण पुतळ्यापेक्षा चौथरा बघा. त्यावर विल्यम कूपरच्या कवितेतल्या ओळी आहेत, आणि त्यांचा आशय असा, की सीझरला ठाऊक नव्हते अशा प्रदेशांवर तुझे वंशज राज्य करतील. साम्राज्याने जिला फटके मारले, तिला साम्राज्याची आजी करून टाकले!

आणि तारखा लक्षात घ्या. १८५४ मध्ये डलहौसीने झाशी खालसा केली. राजा वारला होता, दत्तक मुलगा नामंजूर, विधवा राणी अर्ज करते आहे. दोन वर्षांनी लंडनमध्ये थॉर्निक्रॉफ्ट घोडे घडवायला बसतो. जून १८५८ मध्ये लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ पडली, तेव्हा तो पुतळा घडतच होता. वारस अमान्य करून राज्य गिळायचे, विधवेने शस्त्र उचलले की तिला बंडखोर म्हणायचे, हे सगळे टॅसिटस लॅटिनमध्ये घोकून आलेल्या साहेबांनी केले. त्यांना साम्य दिसले नसेल? शाळेत पाठ केलेले सगळेच दिसते असे नाही, हे मी चाळीस वर्षे मास्तरकी करून सांगतो.

पण साम्य इथे थांबवा. लक्ष्मीबाईला एक गोष्ट मिळाली जी बुडिकेला मिळाली नाही. वरसईचा एक भिक्षुक, विष्णुभट गोडसे, वेढ्याच्या वेळी झाशीत होता, आणि त्याने 'माझा प्रवास' लिहिला. त्यालाही आठवणीची गाळणी लागली, छापताना संपादकाचा हातही लागला. तरी तो आतून पाहणारा होता आणि तिच्याच भाषेतला होता. इसेनींकडे लिहिणारा विष्णुभट नव्हता. म्हणून तर बुडिका कोणालाही घेता आली. साम्राज्यवाद्यांनी घेतली, मग मताधिकार मागणाऱ्या बायकांनी घेतली; १९०९ मध्ये सिसिली हॅमिल्टनच्या 'ए पेजंट ऑफ ग्रेट विमेन'मध्ये ती रंगमंचावर आली. वेल्सने तिला बुडुग म्हणून कार्डिफच्या सिटी हॉलमध्ये संगमरवरात बसवले. यातला स्त्रियांचा दावा मला सर्वांत न्याय्य वाटतो. पण त्या दोन मुली या दोन्ही पुतळ्यांत आईच्या बाजूला आहेत आणि कोणत्याही ग्रंथात त्यांची नावे नाहीत. मृत्युपत्रातल्या खऱ्या वारस त्याच होत्या!

नावाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून थांबतो, मग तुमचे प्रश्न घेऊ. बंडानंतर क्लासिसियानस नावाचा नवा महसूल अधिकारी आला. जन्माने तो गॉल प्रांतातला. सूड थांबवा, असे त्याने रोमला कळवले, आणि सुभेदार पुढे बदलला गेला. याच क्लासिसियानसच्या थडग्याचे दगड लंडनच्या जुन्या तटात सापडले, काही १८५२ मध्ये, काही १९३५ मध्ये. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. थडगे बांधले त्याच्या बायकोने आणि तिचे नाव त्यावर कोरलेले आहे : ज्युलिया पॅकाटा, इंडसची मुलगी. तिचा बाप गॉलमधला सरदार. तिथल्या बंडात तो रोमच्या बाजूने लढला होता. या सगळ्या प्रकरणात त्या काळच्या दगडावर आपल्याला मिळालेले बाईचे नाव हे एवढेच, आणि लॅटिनमध्ये 'पॅकाटा' म्हणजे शांत केलेली, जिंकून वठणीवर आणलेली.