शापावाचून विरह

विरह हा काव्याचा फार जुना विषय आहे, आणि त्याचे जे नमुने आपल्या डोळ्यांपुढे नेहमी येतात त्यांपैकी बहुतेकांत एक गोष्ट समान आढळते. वियोग हा वरून कोसळलेला असतो. यक्षाला कुबेराचा शाप होतो. रामाला पित्याच्या वचनासाठी वनात जावे लागते. ग्रीक वीरांना पूर्वी घेतलेली शपथ ट्रॉयला ओढून नेते. अशा वियोगात दुःख कितीही असो, त्याचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा हा प्रश्न पतिपत्नींना आपसांत पडत नाही. परंतु दोघांनी एका सायंकाळी समोरासमोर बसून, हिशेब मांडून, वर्षभराचा वियोग आपण होऊन पत्करला असेल तर? असा वियोग आज प्रत्यक्ष घडत असतो, आणि वाङ्मयाने त्याकडे अद्याप नीटसे पाहिलेले नाही, असे आमचे मत आहे.

अमेरिकेच्या सैन्यात या प्रकारास ठरीव रूप आलेले आहे. १९५३ च्या युद्धविरामानंतरही त्या देशाची फौज दक्षिण कोरियात राहिली. तिचे मुख्यालय २०१८ साली सेऊल शहरातून प्योंगटेकजवळील कॅम्प हंफ्रीज या ठाण्यावर गेले. तेथे जाणाऱ्या पुष्कळ सैनिकांची नेमणूक अनेक वर्षे बारा महिन्यांची, आणि बिऱ्हाड मागे ठेवून करावयाची, अशी असे. या एकाकी वर्षाच्या मोबदल्यात लष्कर व वायुदल यांनी एक सवलत ठेवलेली आहे. निघण्यापूर्वीच सैनिकाला पुढले ठाणे ठरवून घेता येते: एक तर जुन्याच ठाण्यावर परत यावयाचे, नाही तर दुसऱ्या ठरलेल्या ठाण्यावर जावयाचे. शिवाय कुटुंबापासून दूर राहण्याचा भत्ता मिळतो; या शतकाच्या आरंभीपासून वीसएक वर्षे तो दरमहा २५० डॉलर होता. ठाण्याचे आश्वासन मात्र सर्वस्वी अढळ नसते. सैन्याची गरज पडल्यास ते फिरूही शकते.

आता अशा एखाद्या घरातील हिशेब कसा होत असेल तो पाहा. मुलीची शाळेची शेवटची दोन वर्षे उरली आहेत आणि तिला पुन्हा शाळा बदलावी लागू नये, असे आईला वाटते. आई स्वतः परिचारिका असेल. प्रत्येक बदलीबरोबर नोकरीचा प्रश्न नव्याने उभा राहतो. एखादे ठाणे म्हाताऱ्या आईबापांच्या गावाजवळ असते. उलट बाजूस काय आहे? धाकट्या मुलाचे पहिले पाऊल बापाला दिसणार नाही. दोन ठिकाणी खर्च होणार. टेक्सासात दिवेलागणी होते तेव्हा कोरियात दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडून बाप कामावर निघालेला असतो, म्हणजे निवांत बोलण्याची वेळदेखील शोधून काढावी लागणार. आणि या साऱ्याच्या मागे एक धाक उभा असतो: आज नाही म्हटले, तर पुढच्या वर्षी हाच हुकूम येणार नाही कशावरून? म्हणून वाटते, आपणच पुढे होऊन काही तरी पदरात पाडून घ्यावे. शापासाठी रांगेत उभे राहण्याचाच हा प्रकार आहे.

आमच्या जुन्या काव्यात या हिशेबाला जागा आहे का? मेघदूतातील मुदतही एक वर्षाचीच आहे. वासुदेव विष्णु मिराशी यांच्यासारख्या पंडितांनी रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे मानल्यामुळे यक्षाचे ते ठाणे मराठी वाचकाला जणू घरचेच वाटते. तिकडे अलकेत त्याची पत्नी उंबऱ्यावर फुले मांडून उरलेले महिने मोजते. विरहिणीच्या गणिताचे इतके सुंदर आणि इतके खरे चित्र आमच्या पाहण्यात दुसरे नाही. पण ते गणित उरलेल्या दिवसांचे आहे. वर्ष द्यावे की न द्यावे, हे गणित शापाने आधीच संपवून टाकले होते, आणि म्हणूनच यक्षाच्या दुःखात कोठेही पश्चात्तापाची कडवट चव लागत नाही. स्वतःच्या प्रमादाबद्दल तो फारसा बोलतही नाही. कवीने ती गोष्ट पहिल्याच श्लोकात उरकून टाकली आहे.

याहून आमच्या प्रश्नाच्या जवळ येते ती ऊर्मिला. लक्ष्मणाला कोणी वनवास दिला नव्हता. तो आपण होऊन गेला, आणि चौदा वर्षांसाठी पत्नी मागे राहिली. या दोघांच्या निरोपाचा प्रसंग वाल्मीकीने लिहिला नाही. ही उणीव रवींद्रनाथांनी ‘काव्येर उपेक्षिता’ या निबंधात बोलून दाखविली आणि मैथिलीशरण गुप्तांनी १९३१ च्या ‘साकेत’ काव्यात ती भरून काढण्याचा थोर यत्न केला. त्यांची ऊर्मिला प्रियाच्या मार्गात विघ्न होऊ नकोस असे आपल्याच मनाला बजावते. पुढे नववा सर्ग तिच्या विरहाला वाहिलेला आहे. या काव्याविषयी आम्हांस आदर आहे. तरीही आमची एक तक्रार उरते. ऊर्मिला स्वतःशी बोलते, लक्ष्मणाशी बोलत नाही. ‘तुम्हांला कोणी जावयास सांगितले?’ हा साधा प्रश्न तिने विचारला असता आणि लक्ष्मणाला उत्तर देणे भाग पडले असते, तर भारतीय वाङ्मयास एक निराळाच प्रसंग लाभला असता. काव्याने तिला न्याय दिला तो अश्रूंच्या रूपाने. मताच्या रूपाने नव्हे.

असा प्रसंग होमरने लिहून ठेवला आहे. इलियडच्या सहाव्या सर्गात अँड्रोमाकी नगराच्या दाराशी हेक्टरला गाठते. ती केवळ रडत नाही. आपले माहेर कसे नष्ट झाले ते सांगते, अंजिराच्या झाडाजवळ तट कच्चा आहे, तेथे फौज उभी करा असा युद्धाचा सल्लाही देते. हेक्टर तिचे म्हणणे ऐकतो आणि लोकलज्जेचे कारण देऊन नाकारतो. दोघांचीही बाजू आपल्याला पटते, हेच त्या प्रसंगाचे मोठेपण. मग बापाच्या शिरस्त्राणावरील तुरा पाहून तान्हे मूल भेदरून रडते, आणि आईबाप हसतात. ज्याला कोणीही विचारले नाही त्याचे मत त्या रडण्यात उमटले आहे, असे आम्हांस दर वेळी वाटते.

आता आजच्या अमेरिकन वाङ्मयाकडे वळू. स्वतः एका सैनिकाची पत्नी असलेल्या शिवॉन फॅलन यांचा ‘यू नो व्हेन द मेन आर गॉन’ हा कथासंग्रह २०११ साली निघाला. टेक्सासमधील फोर्ट हूड येथील कुटुंबे आणि इराकात गेलेले पुरुष हा त्याचा विषय. पहिल्या कथेत ठाण्यावरील घरांच्या भिंती इतक्या पातळ आहेत, की एकटी राहिलेली एक बाई शेजारणीच्या घरातील आवाजांवरूनच तिचा संसार मनात जुळवीत बसते. दुसऱ्या एका कथेत पत्नीविषयी संशय आलेला सैनिक रजेवर येऊन चोरपावलांनी स्वतःच्याच घराच्या तळघरात लपतो आणि युद्धात शिकलेली टेहळणी घरच्या माणसांवर चालवितो. या कथा भावविवश नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. परंतु पुस्तकाचे नावच पुरुष गेल्यानंतरच्या काळाचे आहे. युद्धाचा हुकूम म्हणजे एक शापच. त्यामुळे लेखिकेचा त्यात दोष नाही. दोष असेल तर तो वाचक म्हणून आपल्या सवयीचा. पुरुष निघून गेल्यावरच गोष्ट सुरू होते, असे आपण धरून चालतो.

येथे कोणी आक्षेप घेईल, की ज्यांनी चांगल्या ठाण्याच्या लोभाने वियोग विकत घेतला त्यांच्याविषयी सहानुभूती कशासाठी? दुसरा कोणी याच्या उलट टोकाला जाऊन, हा सारा देशासाठी केलेला त्याग आहे असे व्यासपीठावरून सांगेल. आम्हांस दोन्ही मते सारखीच उथळ वाटतात. मुलीची शाळा बदलू नये ही इच्छा लोभ नव्हे. आणि तिच्यासाठी केलेल्या सौद्याला त्याग म्हटले, म्हणजे सौदा करणाऱ्यांच्या शंका, त्यांचे भांडण, त्यांची रदबदली ही सारी आपण पुसून टाकतो. या वियोगाचे खरे दुःख आणखी निराळे आहे. सहाव्या महिन्यात मूल आजारी पडते, दूरध्वनीवर शब्दाला शब्द वाढतो आणि कोणी तरी बोलून जाते, ‘तूच हो म्हणाली होतीस.’ किंवा, ‘तुम्हीच पुढे होऊन नाव दिलेत.’ यक्ष कुबेराकडे बोट दाखवू शकत होता. या दोघांना एकमेकांशिवाय बोट दाखवावयास कोणी नसते. आणि ठरलेले ठाणे अखेरीस फिरले, तर ज्याच्यासाठी वर्ष दिले तेही हाती उरत नाही. तरीसुद्धा त्या सायंकाळी दोघांनी विचार करूनच निर्णय घेतला होता, ही गोष्ट खोटी ठरत नाही. निर्णयाची किंमत केवळ फळावरून ठरवावयाची नसते, हे संसारात पडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हा प्रश्न परक्या देशापुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील सैनिकांच्या घरांत ‘फील्ड’ आणि ‘पीस’ हे दोन शब्द बायकामुलांच्याही तोंडी असतात. जहाजावर अथवा आखातात नोकरी करणाऱ्यांच्या घरीही हीच बैठक निराळ्या कारणाने भरते. विरहाची वर्णने आमच्यापाशी भरपूर आहेत. दिवा लावून झाला आहे, मुले निजली आहेत, दोघांच्या मध्ये कागद पडला आहे आणि अजून कोणी हो किंवा नाही म्हटलेले नाही, अशी एक सायंकाळ एखाद्या मराठी लेखकाने लिहावी. तीत बाईचे म्हणणे अँड्रोमाकीच्या इतक्याच तपशिलाने यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.