हस्तमागोवा आणि अंशांकन : एक चिकित्सा

संवर्धित वास्तवाच्या पारदर्शक हेडसेटमध्ये प्रत्यक्ष वस्तूवर आभासी खूण नेमकी बसावी, यासाठी डोळा व पडदा यांचा परस्परसंबंध आधी निश्चित करावा लागतो. यालाच अंशांकन, म्हणजेच कॅलिब्रेशन, असे म्हणतात. तुचेरियान व नवाब यांनी २००० मध्ये मांडलेल्या पद्धतीत वापरणारी व्यक्ती डोके हलवून पडद्यावरील खूण ज्ञात स्थानावरील एका बिंदूशी वारंवार जुळवते. पुढे हाताचा मागोवा घेणारे कॅमेरे आले आणि बोटाचे टोक हाच तो बिंदू मानता येऊ लागला. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या होलोलेन्स २ मध्ये तर आभासी वस्तू हाताळण्यासाठी प्रत्येक हाताचे २५ सांधेबिंदू टिपले जातात.

वेगळे साधन लागत नाही, ही सोय निर्विवाद होय. तथापि येथे एक तार्किक दोष संभवतो. कॅमेऱ्याने बोटाचे टोक सातत्याने एक सेंटिमीटर बाजूला धरले, तर ती चूक अंशांकनातच मुरते. त्यानंतर त्याच बोटाने आभासी बटण दाबले असता सर्व काही बिनचूक भासते. कारण दोन्हीकडे चूक एकच असते. ती उघडी पडते अन्य वस्तूंवर. उदाहरणार्थ, शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या शरीरावर छेदरेषा दाखविताना.

सुसंगती म्हणजे अचूकता नव्हे. हाताने केलेले अंशांकन हातानेच पडताळणे म्हणजे परीक्षार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका तपासण्यासारखे आहे. म्हणून अशा पद्धतींचे मूल्यमापन स्वतंत्रपणे मोजलेल्या वस्तूवरच होणे आवश्यक ठरते.