शुद्ध कशाला म्हणावे? बारावीच्या रसायनशास्त्राचे एक वाचन

पाठ्यपुस्तक हे आपल्या समाजात सर्वांत जास्त वाचले जाणारे आणि सर्वांत कमी समीक्षा होणारे पुस्तक आहे. एखाद्या कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती निघाल्या तरी त्यावर चार परीक्षणे येतात. जे पुस्तक हजारो मुले दोन-दोन वर्षे उशाशी घेऊन झोपतात, त्याविषयी मात्र 'सोपे' की 'अवघड' याखेरीज आपण काही बोलत नाही. मराठीच्या पुस्तकात कोणाचा धडा आला, इतिहासाच्या पुस्तकात फुले-आंबेडकरांच्या वाट्याला किती जागा आली, यावर आपण भांडलो आणि ते योग्यच झाले. विज्ञानाच्या पुस्तकाकडे आपली नजर गेली नाही. तिथे जात कुठून येणार, असे आपण गृहीत धरले. हे गृहीत तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्र राज्य मंडळाचे अकरावीचे रसायनशास्त्राचे पुस्तक २०१९ साली आणि बारावीचे २०२० साली नव्याने आले. दोन्हींत सोळा-सोळा प्रकरणे. मूलभूत संकल्पना, अणूची संरचना, रासायनिक बंध, विद्युतरसायन, संक्रमण मूलद्रव्ये, जैवरेणू, बहुवारिके आणि शेवटी हरित रसायनशास्त्र असा त्याचा पसारा आहे. बारावीला लेखी परीक्षेचे गुण सत्तर आणि प्रात्यक्षिकाचे तीस. पुस्तक इंग्रजीत आहे. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूरच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून ज्या मुलामुलींच्या हाती ते पडते, त्यांपैकी अनेकांच्या घरात दहावीच्या पलीकडचे ते पहिलेच पुस्तक असते. माझ्याही घरात ते पहिलेच होते.

प्रथम या अभ्यासक्रमाचे जे मोल आहे ते मान्य केले पाहिजे. अकरावीच्या सुरुवातीलाच विद्यार्थी 'शुद्ध पदार्थ' आणि 'मिश्रण' यांतला भेद शिकतो. पुढे स्फटिकीकरण, ऊर्ध्वपातन, क्रोमॅटोग्राफी या शुद्धीकरणाच्या रीती येतात. पदार्थ शुद्ध आहे हे कशावरून ठरवायचे? त्याचा द्रवणांक मोजून, तो ज्ञात द्रवणांकाशी ताडून. शुद्धता ही येथे मोजायची गोष्ट आहे. ती कमी-जास्त असते, वाढवता येते, आणि कोणीही पुन्हा मोजून आधीच्याचा निष्कर्ष खोटा पाडू शकतो. ज्या समाजात शुद्धता जन्माने ठरते, मोजता येत नाही आणि एका स्पर्शाने नष्ट होते, त्या समाजात सतरा वर्षांच्या मुलाला हा धडा मिळणे ही लहान बाब नव्हे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' केले. अकरावीचा कोणताही विद्यार्थी सांगेल की, पाण्यात सेंद्रिय पदार्थ मिसळले म्हणजे ते दूषित होते. महाडला शुद्धीच्या नावाखाली जे झाले ते रसायनशास्त्राच्या भाषेत प्रदूषण होते.

पण हे वाक्य वर्गात उच्चारले जात नाही. 'शुद्ध' या शब्दाचा एक अर्थ विद्यार्थी प्रयोगशाळेत शिकतो आणि दुसरा अर्थ गावात जगतो. दोन्ही अर्थ त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात, एकमेकांना भेटत नाहीत. म्हणूनच आपल्याकडे रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस घरी पाण्याचा वेगळा पेला ठेवू शकतो. हा केवळ त्या माणसाचा दोष मानून भागत नाही. जे शिक्षण हे दोन अर्थ समोरासमोर उभे करीत नाही, त्याचाही तो दोष आहे.

आता भाषेकडे वळू. दहावीपर्यंत मराठी माध्यमाचा विद्यार्थी आम्ल, आम्लारी, संयुजा, ऑक्सिडीकरण, क्षपण असे शब्द शिकतो. अकरावीत पाऊल टाकताच हे सारे शब्द एका दिवसात निकामी होतात आणि त्यांच्या जागी इंग्रजी शब्द येतात. अडचण एवढीच असती तर शब्दकोशाने भागले असते. पण रसायनांची एक तिसरीही भाषा या मातीत आहे: तुरटी, नवसागर, मोरचूद, हिराकस, सोरा, टाकणखार, पापडखार, चुनखडी. ही भाषा कल्हईवाल्याची, रंगाऱ्याची, चर्मकाराची, शोभेची दारू करणाऱ्याची, पापड लाटणाऱ्या बाईची. ती पंडितांनी घडवलेली नाही, हातांनी घडवलेली आहे. मराठी परिभाषा तयार झाली तेव्हा तिने मूळ धरले ते संस्कृत धातूंत. या हातांच्या भाषेत तिने क्वचितच शोध घेतला. त्यामुळे अमोनियम क्लोराइड लिहिणाऱ्या मुलाला ते आपल्या मोहल्ल्यातले नवसागर आहे हे ठाऊक नसते, आणि नवसागर हाताळणाऱ्या त्याच्या बापाला आपण रसायन हाताळतो आहोत हे कोणी सांगितलेले नसते. बाप आणि मुलगा एकाच पदार्थाशी बोलतात. एकमेकांशी त्याविषयी बोलू शकत नाहीत.

भंडारा जिल्ह्याचे उदाहरण घेऊ, कारण या अभ्यासक्रमाचा फार मोठा भाग या जिल्ह्याच्या जमिनीत आणि कारखान्यांत पडलेला आहे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. १९६२ साली स्थापन झालेली आणि आज 'मॉयल' या नावाने ओळखली जाणारी सरकारी कंपनी त्या चालवते. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, चिखल्याची जमिनीखाली. डोंगरीचे मँगनीज डायऑक्साइड शुष्क विद्युतघटासाठी, म्हणजे बॅटरीच्या सेलसाठी वापरले जाते. बारावीच्या विद्युतरसायनाच्या प्रकरणात हाच शुष्क घट आहे. बाहेर जस्ताचे भांडे, मध्ये ग्राफाइटची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड, आणि नवसागराचा लगदा. त्यातले जस्त भंडाऱ्याच्या पितळेत आहे, कारण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ज्या भांड्यांसाठी भंडारा प्रसिद्ध झाला, त्यांना कल्हई करताना नवसागरच लागते. तापल्यावर ते विघटित होते, त्यातून निघणारे आम्ल धातूवरचा ऑक्साइडचा थर खाते, आणि मग कथील चिकटते. एका विजेरीच्या सेलमध्ये अर्धा जिल्हा भरलेला आहे.

संक्रमण मूलद्रव्यांच्या प्रकरणात याच मँगनीज डायऑक्साइडपासून पोटॅशियम परमँगनेट तयार करण्याची कृती येते. प्रात्यक्षिकात विद्यार्थी तेच जांभळे द्रावण ब्युरेटमध्ये भरतो, खालच्या कोमट ऑक्झॅलिक आम्लात थेंब थेंब सोडतो आणि फिकट गुलाबी रंग टिकला की थांबतो. हेच परमँगनेट ब्रिटिश काळापासून पटकीच्या साथीत विहिरींत टाकले जात असे, आणि विहीर कोणाची आहे हे त्याने कधी विचारले नाही. एवढे सगळे एका पदार्थात असताना विद्यार्थी काय पाठ करतो? खनिजाचे नाव पायरोल्युसाइट. डोंगरी बुजुर्ग हे नाव त्याच्या शेजारी उच्चारले जात नाही. मँगनीजची भुकटी वर्षानुवर्षे श्वासावाटे गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, चाल बिघडते, हात कापतात. हे १८३७ साली स्कॉटलंडमध्ये मँगनीज दळणाऱ्या मजुरांत प्रथम नोंदले गेले. ऑक्सिडीकरणाच्या अवस्था पाठ असणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला ही एक गोष्ट माहीत नसावी, आणि तो खाणीच्या गावचा असावा, याला काय म्हणावे?

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीचेही तसेच आहे. १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या कारखान्यात तोफगोळ्यांसाठी लागणारी प्रणोदके तयार होतात. त्यांचा पाया म्हणजे नायट्रोसेल्युलोज, कापसाच्या तंतूवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया. हेच आम्लांचे मिश्रण विद्यार्थी बेंझीनच्या नायट्रीकरणात शिकतो. २४ जानेवारी २०२५ रोजी या कारखान्यात स्फोट झाला आणि किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. समीकरणात बाणाच्या डावीकडे अभिक्रियाकारके असतात, उजवीकडे उत्पादिते, बाणावर तापमान आणि उत्प्रेरक. बाणाजवळ जो माणूस उभा असतो त्याला समीकरणात जागा नाही.

सर्वांत कठोर उदाहरण हायड्रोजन सल्फाइडचे आहे. क्षारांच्या विश्लेषणात दुसऱ्या गटाचे मूलक ओळखण्यासाठी हा वायू वापरतात. त्याची ओळख 'सडक्या अंड्याचा वास' अशी विद्यार्थी लिहितो आणि गुण मिळवतो. परंतु हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे शंभर भाग झाले की नाक बधिर होते, वास येईनासा होतो. प्रमाण पाचशेच्या पुढे गेले की माणूस थोड्या वेळात बेशुद्ध पडतो. ऑक्सिजन नसलेल्या मैल्यात जिवाणू हा वायू तयार करतात. त्याचा रेणुभार ३४, हवेचा सरासरी २९. म्हणून तो खाली साचतो. हे गणित अकरावीच्या पहिल्या प्रकरणाच्या आधारे कोणीही करू शकते. पहिला माणूस सेप्टिक टँकमध्ये उतरून पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. बातमीत एकाऐवजी दोन-तीन नावे का असतात, याचे उत्तर या गणितात आहे. ती नावे कोणत्या जातींची असतात याचे उत्तर मात्र रसायनशास्त्रात नाही. २०१३ साली हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारा कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. कायदा बदलला, रक्कम वाढली. उत्तरपत्रिकेतला वायू मात्र अजून सडक्या अंड्याचाच आहे. ज्याच्या वस्तीतला माणूस उतरतो, त्या मुलाने तरी 'वास गेला म्हणजे धोका टळला नाही, धोका आला' हे वाक्य घेऊन बारावी पार करावी की नाही?

हाताचे आणि डोक्याचे हे विभाजन आजचे नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास १९०२ आणि १९०९ साली दोन खंडांत लिहिला. या देशात विज्ञान का खुंटले याचा विचार करताना त्यांनी जातिव्यवस्थेकडे स्पष्ट बोट दाखवले. कलाकुसर आणि द्रव्यांशी प्रत्यक्ष व्यवहार खालच्या मानलेल्या जातींकडे लोटला गेला, बुद्धिजीवी वर्गाने हात लावणे सोडले, आणि 'कसे' व 'का' हे प्रश्नच मरून गेले, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला जो भेद दाखवला, त्याचीच ही ज्ञानाच्या क्षेत्रातली बाजू होय. चुन्याच्या हौदात कातडे भिजवून केस सोडवणारा, बाभळीच्या सालीने ते कमावणारा माणूस प्रथिन आणि टॅनिन यांचा बंध रोज घडवीत होता. त्याला 'का' विचारण्याची फुरसत आणि अक्षर नाकारले गेले. ज्याच्याकडे अक्षर होते त्याने कातड्याला हात लावला नाही.

येथे आपल्याच चळवळीतल्या दोन भूमिकांशी मतभेद नोंदवणे भाग आहे. काही मित्र म्हणतात, आमच्या पूर्वजांना सारे रसायनशास्त्र ठाऊकच होते, आम्हाला पुस्तकी विज्ञानाची गरज नाही. हा अभिमान समजण्यासारखा आहे. पण कल्हईवाल्याच्या कौशल्याने हायड्रोजन सल्फाइड ओळखता येत नाही आणि चर्मकाराच्या अनुभवाने मँगनीजचा आजार टळत नाही. जे 'का' आपल्याला नाकारले गेले तेच तर मिळवायचे आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले, तेव्हा त्यात कलेबरोबर विज्ञानही ठेवले, ते उगीच नव्हे. दुसरे मित्र म्हणतात, हे सारे राहू द्या, आमच्या मुलाला गुण आणि प्रवेश मिळू द्या. ही मागणी न्याय्य आहे. पण गुण कुठे तयार होतात ते पाहिले पाहिजे. नावापुरता महाविद्यालयात प्रवेश आणि प्रत्यक्षात शहरातला खाजगी क्लास, ही व्यवस्था इतकी बोकाळली की २०१८ साली शासनाला विज्ञान शाखेच्या हजेरीसाठी बायोमेट्रिक यंत्राचा आदेश काढावा लागला. क्लासमध्ये पर्यायी प्रश्नांचा सराव होतो, प्रयोगशाळा नसते. प्रात्यक्षिकाचे तीस गुण मग प्रयोगाविना वाटले जातात. मी ज्या महाविद्यालयात शिकलो तेथे ऊर्ध्वपातनाचा संच काचेच्या कपाटात कुलूपबंद होता आणि आम्ही त्याची आकृती काढून पूर्ण गुण घेतले.

यात नुकसान कोणाचे होते? ज्याच्या घरी तीन पिढ्या पुस्तके आहेत, त्याला पाठांतराची शाळा परवडते. पाठांतर हे त्याच्या घराण्याचे जुने भांडवल आहे. आमच्या मुलाचे भांडवल हात आहे, नजर आहे, पदार्थाशी असलेली सलगी आहे. प्रयोगशाळा ही एकच जागा अशी होती जिथे हे भांडवल ज्ञान म्हणून मोजले गेले असते. ती बंद झाली म्हणजे रसायनशास्त्र पुन्हा मंत्र होते, आणि मंत्र कोणाच्या मालकीचे राहिले हे सांगायला नको.

म्हणून मागणी पुस्तक फेकून देण्याची नाही. बारावीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने अनुमापन केले पाहिजे, आणि ते होते की नाही हे पालक व कार्यकर्त्यांनी महाविद्यालयात जाऊन विचारले पाहिजे. ग्रंथालय वाचवण्यासाठी जसे आपण निवेदन देतो तसेच प्रयोगशाळेसाठी दिले पाहिजे. शिक्षकांनी परमँगनेटच्या तासाला डोंगरी बुजुर्गचे नाव घ्यावे, नायट्रीकरणाच्या तासाला जवाहरनगरचे, आणि शुद्धीकरणाच्या तासाला महाडचे; त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातली रसायनांची नावे गोळा करावीत आणि त्यांच्यासमोर पुस्तकातली नावे लिहावीत. नवसागर, हिराकस, मोरचूद येथून सुरुवात करता येईल. ती यादी घेऊन त्यांनी कल्हईवाल्याकडे, खाणकामगाराकडे, नगरपालिकेच्या सफाई कामगाराकडे बसावे आणि हायड्रोजन सल्फाइडविषयी प्रथम त्या सफाई कामगाराला सांगावे. त्याला ते परीक्षेआधी कळणे आवश्यक आहे.