जोसेफ आर्चचं आत्मचरित्र पुरावा म्हणून कसं वाचायचं?

जोसेफ आर्च (१८२६–१९१९) म्हणजे 'शेतकऱ्याचा खासदार झालेला माणूस', अशी ओळख करून दिली जाते आणि गडबड तिथूनच सुरू होते. त्या काळच्या इंग्लंडात 'फार्मर' म्हणजे बहुतेक वेळा जमीनदाराची जमीन खंडाने घेऊन मजूर लावणारा. आर्च होता वॉरिकशरमधल्या बारफर्डचा शेतमजूर, जिवंत कुंपणं छाटण्यात तरबेज. १८७२ मध्ये त्याने युनियन उभारली ती याच फार्मरांशी मजुरीसाठी भांडायला. भाषांतरात सरसकट 'शेतकरी' लिहिलं की मालक आणि मजूर एकाच खात्यात जमा होतात. संपला विषय!

त्याचं आत्मचरित्र १८९८ चं. शीर्षकातच म्हटलंय की ही कहाणी त्याने स्वतः सांगितलेली आहे. संपादन मात्र वॉरिकच्या काउंटेसचं. तोंड मजूरनेत्याचं, हात सरदारघराण्यातल्या बाईंचा. म्हणून पुस्तक बाद होत नाही, पण कुठलंही वाक्य 'मजुराचा आवाज' म्हणून उचलताना थांबायला हवं.

त्यातला गाजलेला प्रसंग घ्या. लहानगा आर्च चर्चच्या दाराच्या कुलपाच्या भोकातून आत बघतो. प्रसाद घ्यायला आधी जमीनदार, मग फार्मर, मग दुकानदार-कारागीर, सगळ्यात शेवटी मजूर; त्यांत त्याचे वडील. प्रसंग जबरदस्त आहे, म्हणूनच जो तो उद्धृत करतो. पण सांगणारा आहे सत्तरीतला, उपदेशक म्हणून आणि युनियनच्या सभांत आयुष्यभर बोललेला माणूस. रांगेचा क्रम इतर साधनांतून तपासता येईल. त्या पोराला तेव्हा काय वाटलं, ते नाही.

मला स्वतःला जास्त मोलाची वाटते ती दुसरीच, रुक्ष माहिती: बारफर्डचं घर आर्च कुटुंबाच्या मालकीचं होतं. कितीतरी मजुरांचं छप्पर मालकाच्या हातात. संप केला की नोकरीबरोबर घरही जायची भीती. आर्चला ती नव्हती. म्हणजे मजुरांचा प्रतिनिधी म्हणून आपण ज्याला वाचतो, तो मजुरांमधला अपवाद. हे ओझरतं वाचून पुढे जाऊ नका.

आणि तारखा शेजारी ठेवा. १८७४ मध्ये युनियनचे सुमारे ८६,००० सभासद. त्याच वर्षी पूर्व इंग्लंडात मालकांनी टाळेबंदी केली आणि मग ओहोटी. १८८४ च्या कायद्याने खेड्यातल्या मजुरांना मत मिळालं, १८८५ मध्ये आर्च वायव्य नॉरफोकचा खासदार. युनियन १८९६ मध्ये बंद, पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी, तो खासदार असतानाच. संघटना संपलेली आणि नेता पार्लमेंटात, अशा वेळी हा 'मी' बोलतोय.