'आहारी जाणे' : एका लोकमताचे व्याकरण

लोकमत हीदेखील एक संहिताच असते आणि तिचा आशय तिच्या वाक्यरचनेतूनही व्यक्त होत असतो. मोबाइलवरील खेळांविषयी सर्रास ऐकू येणारे एक विधान पाहावे : 'मुले गेमच्या आहारी गेली आहेत.' येथे 'खेळ' हा शब्द हाताशी असताना 'गेम' योजून मैदान व पडदा यांत भेद केला जातो. आणि 'आहारी जाणे' या वाक्प्रचाराने खेळणारा भक्ष्य ठरतो. योहान हॉयझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात स्वेच्छा हे खेळाचे आद्य लक्षण मानले होते. लोकमत नेमके तेच नाकारते.

ही तक्रार तशी जुनीच. ऋग्वेदातील अक्षसूक्तात (१०.३४) फाशांची भुरळ आहेच, परंतु तेथे जुगारी स्वतः बोलतो, म्हणून मोह आणि पश्चात्ताप यांतील ताण प्रत्ययास येतो. आजच्या लोकमतात खेळणाऱ्याचा आवाजच नाही. शिवाय पैशाचा डाव, स्पर्धा आणि कथात्म खेळ त्यात एकाच पंक्तीला बसतात. संसदेने २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने मात्र पैशाचे खेळ ई-स्पर्धांपासून वेगळे काढले.

भक्ष्य म्हटले की भक्षकही आला. तो यंत्रच मानला, की खेळाची रचना करणारा व त्यातून नफा मिळवणारा दृष्टिआड होतो. पालकांची चिंता खरी आहे. तिला लाभलेली भाषा मात्र अपुरी आहे. ती तपासावयाची, तर समीक्षकाला आधी खेळाचे रूप वाचावे लागेल.